जीएसटीचे दर उतरले. उतरलेला पैसा नेमका कुणाच्या हाती आला?

पाचपाखाडीकर | २४ नोव्हेंबर २०२५

काल आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा झाली. विषय एकच होता : बाहेरच्या भिंतींच्या तड्यांची दुरुस्ती, नवा गिलावा आणि रंगकाम. कंत्राटदाराने जूनमध्ये दिलेले दरपत्रक सभेपुढे ठेवले, तेव्हा एका सभासदांनी उभे राहून विचारले की २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, मग हा आकडा जूनचाच कसा? प्रश्न रास्त वाटला. मी खजिनदार असल्यामुळे कंत्राटदाराला तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्याने शांतपणे सांगितले, "साहेब, सिमेंटमध्ये माझा एक रुपयाही वाचलेला नाही." त्यानंतर स्टिल्टमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जे घडले त्याचे इतिवृत्त लिहिणे अवघड आहे. अर्धी सभा म्हणाली की कंत्राटदार खोटे बोलतो, उरलेली अर्धी म्हणाली की सरकार खोटे बोलते. विषय तहकूब झाला.

पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक असेलच. पंतप्रधानांनी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून या सुधारणेची घोषणा केली, ३ सप्टेंबरच्या ५६ व्या बैठकीत जीएसटी परिषदेने तिला मान्यता दिली आणि घटस्थापनेपासून नवे दर लागू झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास संपले; ५ आणि १८ हे दोन मुख्य दर राहिले, तर चैनीच्या व अपायकारक वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा टप्पा आला. या घटनेला दोन महिने झाले. घरोघरी बिले जमा झाली असतील. त्यामुळे पक्षांची भाषणे बाजूला ठेवून, आपापल्या बिलावर काय दिसले ते येथे लिहावे, अशी विनंती आहे. फायदा झाला असेल तर कुणाला आणि किती? झाला नसेल तर तो वाटेत कुठे थांबला?

ऐरोलीवाला | २४ नोव्हेंबर २०२५

माझ्यापुरते उत्तर सरळ आहे. नवरात्रात मी छोटी पेट्रोल गाडी घेतली. आधी तिच्यावर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का भरपाई उपकर होता, आता सरसकट १८ टक्के आहे. सात लाखांची गाडी सुमारे ६ लाख ४० हजारांना मिळाली. विक्रेत्याने जुने आणि नवे दोन्ही हिशेब एकाच कागदावर मांडून दाखवले. मधे कुणीही काही खाल्ले नाही. घरच्या किराण्यातही साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आले आहेत, लोणी आणि चीज १२ वरून ५ वर. इतका स्पष्ट लाभ होऊनही लोक कुरकुरतात, याचे आश्चर्य वाटते.

उलटतपासणी | २४ नोव्हेंबर २०२५

ऐरोलीवाला, अभिनंदन, पण आपणच वादाचा मुद्दा पुरवलात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी चार घरांचे मिळून महिन्याला १५ हजार मिळवतात. त्यांच्या घरात साबण, केसांचे तेल, पेस्ट, बिस्किटे असा १८ टक्क्यांतून ५ टक्क्यांत आलेला माल महिन्याला फार तर ४०० रुपयांचा असतो, म्हणजे त्यांची बचत झाली ४४ रुपये. आपली झाली ६० हजार. त्यांचा मोठा खर्च ज्यावर होतो, त्यातले काहीच हललेले नाही. सुटा तांदूळ आणि भाजी यांवर मुळातच कर नव्हता. खाद्यतेल, साखर आणि घरगुती सिलिंडर आधीही ५ टक्क्यांत होते आणि आजही तिथेच आहेत. खोलीचे भाडे आणि विजेचे बिल यांचा या सुधारणेशी संबंध नाही. ही सुधारणा ज्याच्याकडे खर्च करायला पैसे आहेत त्याच्यासाठी आहे.

ऐरोलीवाला | २५ नोव्हेंबर २०२५

आपण वार्षिक आणि एकदाच होणारी बचत यांची गल्लत केली आहे. गाडी मी दहा वर्षे वापरणार, म्हणजे वर्षाला ६ हजार. माझे उत्पन्न साधारण १८ लाख आहे. त्याच्या तुलनेत ही बचत एक तृतीयांश टक्का होते. मावशींची वर्षाची बचत ५२८ रुपये, उत्पन्न १ लाख ८० हजार. तीही जवळपास तेवढीच टक्केवारी. प्रमाणात पाहिले तर दोघांना सारखेच मिळाले.

उलटतपासणी | २५ नोव्हेंबर २०२५

गणित मान्य आहे, पण ते अपुरे आहे. मग फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात आपल्याला मिळालेली सवलतही मांडा. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत आयकर लागत नाही आणि वरचे टप्पेही बदलले आहेत. करपात्र उत्पन्न १८ लाख धरले तर उपकर वगळता आपले ७० हजार दरवर्षी वाचतात. मावशींना त्यातून शून्य, कारण त्या आयकर कधी भरतच नव्हत्या. सात लाख करपात्र उत्पन्न असलेल्या माझ्या भाच्यालाही शून्य, कारण त्याला नव्या प्रणालीत आधीपासूनच पूर्ण सूट होती. शासनाच्याच अंदाजानुसार त्या आयकर सवलतीची किंमत सुमारे १ लाख कोटी आहे आणि साऱ्या देशाला मिळालेल्या जीएसटी कपातीची निव्वळ किंमत ४८ हजार कोटी. मोठे ताट आधी कुणापुढे वाढले गेले, ते यात दिसते.

ऐरोलीवाला | २५ नोव्हेंबर २०२५

आयकराचा धागा वेगळा काढावा. तो मुद्दा मी नाकारत नाही, पण येथे विषय जीएसटीचा आहे.

वर्तकनगर_निवृत्त | २५ नोव्हेंबर २०२५

दोघांचे वाद वाचले. मी एक लहानसा अनुभव लिहितो, त्याचा अर्थ आपण लावावा. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्टीवर आधी ११२ रुपये छापलेले असत. औषधांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाल्यावर तीच पट्टी १०५ रुपयांना झाली. सात रुपये कमी झाले, याचा मला आनंद झाला. मात्र माझा नेहमीचा औषधविक्रेता आधी दहा टक्के सवलत देत असे, तो आता पाचच टक्के देतो. म्हणजे मी आधी १०० रुपये ८० पैसे देत होतो आणि आता ९९ रुपये ७५ पैसे देतो. शासनाने सात रुपये सोडले, त्यातला एक रुपया आणि पाच पैसे माझ्यापर्यंत पोचले. बिलात सर्व काही नियमाप्रमाणे आहे. सवलत द्यावी असा कायदा नाही.

दुसरे असे, की मी बँकेतून निवृत्त झालो आणि आमचा आरोग्य विमा सामूहिक पॉलिसीतून आहे. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यांवरचा १८ टक्के कर शून्य झाला, ही बातमी वाचून आम्हा निवृत्तांच्या गटात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते. नंतर कळले की माफी वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसीला आहे, सामूहिक पॉलिसीला नाही. तलावपाळीवर माझ्यासोबत फिरणारे एक मित्र स्वतंत्र पॉलिसीवाले, त्यांचा कर शून्य. आमचा पूर्वीसारखाच १८.

जमाखर्च | २६ नोव्हेंबर २०२५

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे. वरच्या चर्चेत दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट किरकोळ असली तरी अनेक भांडणांचे मूळ तिथे आहे. कर १८ वरून ५ झाला म्हणजे १०० रुपयांची वस्तू ८७ रुपयांना मिळायला हवी, असे ग्राहक धरून चालतो. छापील किमतीत कर आधीच मिसळलेला असतो. १०० रुपयांत मूळ किंमत ८४ रुपये ७५ पैसे. तिच्यावर ५ टक्के लावले की ८८ रुपये ९८ पैसे होतात. कपात अकरा रुपयांची, तेरांची नव्हे. १२ वरून ५ झाले तर सव्वासहा रुपये आणि २८ वरून १८ झाले तर सुमारे पावणेआठ. उलटतपासणी यांनी ४४ हा आकडा बरोबर काढला आहे, हे नोंदवतो.

दुसरी गोष्ट पाचपाखाडीकरांच्या सिमेंटची. आपला कंत्राटदार खोटे बोलत नाही. सिमेंटच्या गोणीची मूळ किंमत ३०० रुपये धरा. आधी तो ३८४ देत होता, आता ३५४ देतो. पण त्याने भरलेले ८४ रुपये त्याच्या खर्चात कधी धरलेच जात नव्हते. आपल्याकडून त्याने जो १८ टक्के कर वसूल केला, तो सरकारजमा करताना त्यातून हे ८४ वजा झाले. यालाच आपण इनपुट क्रेडिट म्हणतो. गोणी त्याला ३०० रुपयांनाच पडत होती आणि आजही ३०० रुपयांनाच पडते. तो आपल्याला ३०० वर १८ टक्के लावतो, म्हणजे आपण आधीही गोणीमागे ३५४ देत होता आणि आजही तेच देता. सिमेंटवर २८ टक्के कर आपल्या सोसायटीने कंत्राटदारामार्फत कधी भरलाच नव्हता. जो भरलाच नाही, तो कमी झाल्याचा लाभ कसा मिळणार?

आता हाच हिशेब घोडबंदर रोडवरच्या बांधकामांना लावून पाहा. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर ग्राहकाला ५ टक्के कर लागतो, परवडणाऱ्या घरांना १ टक्का, आणि विकासकाला इनपुट क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे जो विकासक सिमेंट स्वतः विकत घेऊन कंत्राटदाराला पुरवतो, त्याला गोणी ३८४ ऐवजी ३५४ ला पडते आणि ते तीस रुपये खरोखरच वाचतात. सदनिकेची किंमत मात्र करारात आधीच ठरलेली असते. ज्या ग्राहकाने मागच्या वर्षी करार केला, त्याला हे तीस रुपये मागण्यासाठी करारात कलम नसते. तोच विकासक जर सामानासकट पूर्ण काम कंत्राटदाराकडे सोपवत असेल, तर त्याचाही एक पैसा वाचत नाही, आपल्या सोसायटीसारखाच. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारती, एकच सिमेंट. लाभ एका ठिकाणी विकासकाच्या वहीत जमा होतो, दुसऱ्या ठिकाणी जन्मालाच येत नाही.

म्हणून 'श्रीमंत की गरीब' हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. घेणारा क्रेडिटच्या साखळीच्या आत आहे की बाहेर, हे आधी पाहावे. जो आत आहे त्याच्यासाठी खरेदीवरचा कर हा खर्च नसतोच, तो फक्त पुढे सरकवतो. जो बाहेर आहे, म्हणजे शेवटचा ग्राहक किंवा नोंदणी नसलेला छोटा धंदेवाला, त्याच्या खिशाला कपात प्रत्यक्ष लागते.

आरसा | २६ नोव्हेंबर २०२५

जमाखर्च, आपण साखळीच्या आत आणि बाहेर असे दोनच प्रकार सांगितलेत. तिसरा प्रकार मी आहे : काल आत होते, आज सरकारने बाहेर काढले. नौपाड्यात माझे सलून आहे. आमचा कर १८ वरून ५ टक्के झाला, पण त्याच वेळी इनपुट क्रेडिट बंद झाले. लोकांनी बातमी वाचली आणि २२ तारखेला सकाळी पहिल्याच ताईंनी विचारले, "आजपासून किती कमी?"

माझी करापूर्वीची उलाढाल महिन्याला चार लाख आहे. जागेचे भाडे एक लाख, त्यावर १८ हजार जीएसटी. उत्पादने आणि इतर खरेदीवर आणखी १२ हजार. हे ३० हजार मला आधी वजा करून मिळत होते, आता ते माझा खर्च झाले. उलाढालीच्या साडेसात टक्के. आधी केस कापण्याचे ५०० आणि कर ९०, असे ५९० रुपये होत. फक्त कर कमी केला असता तर ते ५२५ झाले असते. मी मूळ दर ५४० केला आणि ५ टक्के लावून ५६७ घेते. ग्राहकाचे २३ रुपये वाचले, अपेक्षा ६५ ची होती. मला मात्र 'सरकारने दिले आणि हिने खाल्ले' असे तोंडावर ऐकावे लागते. समोरच्या गल्लीत एकाच खुर्चीचे दुकान आहे, त्याची नोंदणीच नाही; त्याने कधी कर लावला नाही, त्यामुळे त्याला कुणी काही विचारतही नाही.

उलटतपासणी | २६ नोव्हेंबर २०२५

आरसा, आपला हिशेब प्रामाणिक आहे, पण प्रत्येक व्यावसायिक असाच मांडतो याची खात्री ग्राहकाने कशी करावी? भाडे एक लाख आहे की साठ हजार, हे बिलावर दिसत नाही.

आरसा | २६ नोव्हेंबर २०२५

खात्री करता येत नाही, हे खरेच आहे. मी येथे स्वतःहून सांगितले, दुकानात पाटी लावून सांगणार नाही.

हप्ता | २७ नोव्हेंबर २०२५

विम्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी गेली सतरा वर्षे विमा प्रतिनिधी आहे. वैयक्तिक आरोग्य विम्याचा २० हजारांचा हप्ता आधी करासह २३ हजार ६०० होता, आता २० हजारच. ग्राहकाला पूर्ण लाभ मिळाला आणि त्याबद्दल वाद नाही. पण विमा कंपनीचेही इनपुट क्रेडिट गेले, आणि तो खड्डा कुठून भरायचा हे तिने ठरवले. मी ज्या कंपनीचे काम करतो तिने पत्र पाठवले की यापुढे कमिशनमध्ये जीएसटी समाविष्ट धरला जाईल. या हप्त्यावर मला ३ हजार रुपये कमिशन मिळत असे, ते २ हजार ५४२ झाले. ग्राहकाच्या ३,६०० रुपयांतले ४५८ रुपये माझ्या घरातून गेले आहेत. ग्राहक मला फोन करून 'तुमच्या सरकारने छान केले' म्हणतात. मी 'हो' म्हणतो. पुढच्या वर्षीचे नूतनीकरण त्यांच्याच हातात आहे.

लेथमशीन | २७ नोव्हेंबर २०२५

सगळे कपातीबद्दल बोलत आहेत. माझा कर वाढला आहे, त्याबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो. वागळे इस्टेटमध्ये आमचे मशीनशॉप आहे. गिऱ्हाईक माल पाठवते, आम्ही त्यावर जॉबवर्क करून परत देतो. या कामावर १२ टक्के होते, २२ सप्टेंबरपासून १८ झाले. सनदी लेखापाल म्हणतील की गिऱ्हाइकाला क्रेडिट मिळते, म्हणजे कुणाचेच नुकसान नाही. कागदावर बरोबर आहे. माझे महिन्याचे बिल पाच लाखांचे. आधी ६० हजार कर भरायचा, आता ९० हजार. हा कर मला पुढच्या महिन्यात भरावा लागतो आणि गिऱ्हाईक पैसे देते नव्वद दिवसांनी. म्हणजे दर महिन्याचे जास्तीचे ३० हजार, असे जवळपास दोन महिन्यांचे ६० हजार रुपये माझे कायम अडकून राहणार. ते मी ओव्हरड्राफ्टमधून उचलतो आहे. त्याचे व्याज कोणत्या साखळीत बसते?

जमाखर्च | २७ नोव्हेंबर २०२५

लेथमशीन, आपला मुद्दा पूर्ण मान्य आहे आणि माझ्या मांडणीतली ती उणीव आहे. क्रेडिट मिळणे आणि पैसा मिळणे यांत काळाचे अंतर असते व त्या अंतराची किंमत छोटा पुरवठादार मोजतो. आपली नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर लेखी करार असल्यास ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे गिऱ्हाइकावर बंधनकारक आहे. उशीर केल्यास आयकराच्या ४३ब (ह) कलमानुसार ती रक्कम त्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही.

लेथमशीन | २७ नोव्हेंबर २०२५

कलम माहीत आहे. ते गिऱ्हाइकाला दाखवले की पुढचा माल रबाळ्याच्या दुसऱ्या शॉपमध्ये जातो, हेही माहीत आहे.

जुना_ठाणेकर | २८ नोव्हेंबर २०२५

हा सगळा वाद वाचताना मुलुंड चेकनाक्यावरची ट्रकची रांग आठवली. ठाण्यातली जकात २०१३ साली गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकाने बंद ठेवली होती. मग १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीला तोही माफ झाला, आणि २०१७ साली जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही गेली. नवी मुंबईत तर जकात नव्हतीच, तिथे उपकर होता. प्रत्येक वेळी सांगितले गेले की माल स्वस्त होईल. जांभळी नाक्यावर मी चाळीस वर्षे वाणसामान घेत आहे. दर वाढल्याची बातमी तिथे त्याच दिवशी पोचते, दर उतरल्याची बातमी जुना माल संपल्यावर पोचते, आणि जुना माल कधी संपतो हे दुकानदारालाच ठाऊक असते.

एक गोष्ट मात्र या वेळी खटकली. जीएसटी आला तेव्हा नफेखोरीविरोधी प्राधिकरण होते. कर कमी होऊनही किंमत कमी केली नाही तर तिथे तक्रार करता येत असे. ते काम नंतर स्पर्धा आयोगाकडे गेले, तिथून अपील न्यायाधिकरणाकडे, आणि १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणे बंद झाले. सप्टेंबरमध्ये एवढी मोठी कपात झाली, तेव्हा ते दार बंद होते. आता १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, पण हेल्पलाइनला प्राधिकरणाची सर कशी यावी?

फराळवाली | २८ नोव्हेंबर २०२५

मी कळव्यात घरगुती फराळाच्या ऑर्डर घेते. माझी उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या जवळपासही नाही, त्यामुळे जमाखर्च म्हणतात त्याप्रमाणे मी साखळीच्या बाहेरची आहे. मी घेते त्या तुपाचा लिटर ६५० वरून ६१० वर आला. दिवाळीला तीस लिटर तूप लागले, तिथे १,२०० रुपये वाचले. बदाम-पिस्ते वाशीच्या मसाला मार्केटमधून आणते, त्यांवरचा कर १२ वरून ५ झाला; काजूवर आधीच ५ होता, तो तसाच राहिला. पुठ्ठ्याच्या खोक्यांवरचाही १२ वरून ५ झाला. साखर आणि तेल यांत फरक नाही.

मी लाडवांचा दर मागच्या वर्षीचाच ठेवला. मजुरी आणि गॅसचा खर्च वाढल्यामुळे या वर्षी किलोमागे ४० रुपये वाढवायचे ठरवले होते, ते वाढवले नाहीत. आता तुम्हीच सांगा, हा फायदा मी घेतला की गिऱ्हाइकाला दिला? गिऱ्हाईक म्हणाले, "काकू, कर कमी झाला तरी तुमचा दर तोच?" माझे यजमान रिक्षा चालवतात. नवी रिक्षा २८ ऐवजी १८ टक्क्यांत मिळते हे त्यांना स्टँडवर कळले, पण आमच्या रिक्षेचे अजून दोन वर्षांचे हप्ते बाकी आहेत. सीएनजी तर जीएसटीत येतच नाही. २०२२ साली राज्याने त्यावरचा व्हॅट साडेतेरावरून ३ टक्के केला होता, तो फरक त्यांना रोजच्या रोज दिसला होता.

उलटतपासणी | २८ नोव्हेंबर २०२५

फराळवाली ताई, न वाढलेली किंमत हाही लाभच, हे मी मान्य करतो. अडचण अशी, की 'वाढवणार होतो, पण वाढवले नाही' हे वाक्य आपण म्हणालात तर मी विश्वास ठेवतो आणि मोठ्या कंपनीने म्हटले तर ठेवत नाही. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांचे तसेच झाले. किंमत तीच ठेवून वजन वाढवले, असे कंपन्यांनी सांगितले. मावशींनी पुडा माझ्यासमोर धरून विचारले की वाढलेले ग्रॅम कुठे लिहिले आहेत. चष्मा लावून शोधावे लागले. होते, पण जुना पुडा तुलनेला कुणी जपून ठेवलेला असतो?

आणि कुणी गमावले, याबद्दलही लिहायला हवे. या कपातीतला निम्मा वाटा राज्याचा आहे. राज्यांना १४ टक्के वाढीची हमी देणारी भरपाई जून २०२२ मध्ये संपली. जकात आणि स्थानिक कर गेल्यापासून आपल्या महानगरपालिका राज्याच्या अनुदानाकडे पाहतात. राज्याची आवक घटली तर रस्त्याचे डांबर आणि रुग्णालयातले औषध यांवर परिणाम होणार नाही, असे कुणी छातीठोकपणे सांगावे. त्या रुग्णालयात ऐरोलीवाला जात नाहीत, मावशी जातात.

ऐरोलीवाला | २९ नोव्हेंबर २०२५

खप वाढला तर आवकही वाढेल, हे आपण गृहीतच धरत नाही. माझ्यासोबत त्या शोरूममध्ये नवरात्रात रांग होती. मागच्या वर्षी याच दिवसांत मी चौकशी करून परत आलो होतो.

उलटतपासणी | २९ नोव्हेंबर २०२५

रांग मीही पाहिली. ती पुढच्या नवरात्रातही असेल का, ते तेव्हा या धाग्यावर पाहू.

पाचपाखाडीकर | ३० नोव्हेंबर २०२५

सर्वांचे आभार. जमाखर्च यांचा सिमेंटचा हिशेब मी छापून काल समितीपुढे ठेवला. एका सभासदांनी सुचवले की मग सिमेंट सोसायटीनेच थेट विकत घ्यावे आणि कंत्राटदाराला फक्त मजुरीचे काम द्यावे. आमची मासिक वर्गणी ७,५०० च्या आत असल्यामुळे सोसायटीची जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे क्रेडिटही नाही. पेन्सिलने आकडे मांडल्यावर लक्षात आले की थेट घेतले तर गोणी ३५४ ला, कंत्राटदारामार्फत घेतली तरी ३५४ ला. जूनमध्ये थेट घेतली असती तर ३८४ पडले असते. सुधारणेमुळे एवढेच झाले, की जी चूक करण्यात आधी तीस रुपयांचे नुकसान होते, ती आता फुकट करता येते.

मात्र मागच्या कुंपणभिंतीचे छोटे काम आम्ही एका मुकादमाला दिले आहे, सामानासकट उक्ते. त्याची नोंदणी नाही. त्याला गोणी खरोखरच तीस रुपयांनी स्वस्त पडते. कामाला साठ गोण्या लागतील, म्हणजे १,८०० रुपये. समितीत यावर पुन्हा दोन तट पडले : एक म्हणतो की ते त्याच्याकडून मागून घ्यावेत, दुसरा म्हणतो की त्याने दिवाळीआधीच दर दिला होता आणि तो आपण घासाघीस करून आधीच पाडला आहे. मुकादम उद्या सकाळी नऊ वाजता येणार आहे. खजिनदार म्हणून बोलणी मलाच करायची आहेत.

फराळवाली | ३० नोव्हेंबर २०२५

मागू नका.

ऐरोलीवाला | ३० नोव्हेंबर २०२५

विचारायला हरकत नाही. त्याने नाही म्हटले तर सोडून द्यावे.